वजनकाट्याला न दिसणारी चरबी

वजनकाटा रायपूरचा असो की लंडनचा, तो शरीराचा भार तेवढा सांगतो. त्यात चरबी किती व स्नायू किती, हे सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! स्नायू रक्तातील साखर शोषून घेतात. उलट पोटातील जादा चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. त्यातून मधुमेह व हृदयविकार बळावून अकाली मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून सडपातळ माणसानेही निर्धास्त न राहता कंबरेचा घेर मोजावा आणि स्नायूंना नित्य व्यायाम द्यावा.