पाणबुडीचे दार

मुलांनो, आगबोट तुम्ही पाहिली असेल. निदान तिचे चित्र तरी पाहिले असेल. आगबोट पाण्यावर तरंगते. पाणबुडी मात्र तरंगते, बुडते आणि पुन्हा वर येते. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाली. तिचे नाव ‘शल्की’. १९९२ साली ती भारतीय नौदलात दाखल झाली. तिची लांबी सुमारे ६४ मीटर आणि रुंदी सुमारे साडेसहा मीटर आहे.

खऱ्या पाणबुडीची छोटी प्रतिकृती बनवण्याचा छंद जगात अनेकांना आहे. ‘शल्की’ची लांबी, रुंदी आणि उंची ६४ पटींनी कमी केली, तर १ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद अशी प्रतिकृती तयार होईल. ती चालवणारा माणूस तळ्याच्या काठावर उभा राहतो. त्याच्या हातातल्या यंत्रातून रेडिओ लहरी निघतात. त्या लहरींच्या हुकमाप्रमाणे पाणबुडी वळते, पाण्याखाली जाते आणि वर येते.

यासाठी तिच्या पोटात बरेच सामान असते. लहरी ओळखणारा रिसीव्हर, वीज देणारी बॅटरी, मागचा पंखा फिरवणारी मोटर, सुकाणू हलवणाऱ्या ‘सर्वो’ नावाच्या लहान मोटारी आणि पाणी आत घेणारी व बाहेर टाकणारी टाकी. ही टाकी पुष्कळदा मोठ्या पिचकारीसारखी असते. बॅटरी संपते, एखादी तार निसटते, स्क्रू सैल होतो. म्हणून पाणबुडी पुन्हा पुन्हा उघडावी लागते. खरी अडचण येथेच आहे. हात आत जावा म्हणून दार मोठे हवे. पाणी आत जाऊ नये म्हणून दार लहान हवे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या?

पहिला उपाय सहज सुचतो. पाणबुडीच्या पाठीवर एक सपाट झाकण ठेवायचे, त्याखाली रबर लावायचे आणि चारी बाजूंनी स्क्रू आवळायचे. हे झाकण २० सेंटीमीटर लांब व ८ सेंटीमीटर रुंद आहे, असे समजू. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ १६० चौरस सेंटीमीटर झाले. आता पाण्याचा दाब पाहा. पाण्यात १ मीटर खाली गेले, की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम पाण्याचा भार वाढतो. २ मीटर खोलीवर हा भार २०० ग्रॅम होतो. म्हणजे आपल्या झाकणावर एकूण ३२ किलोचा भार येतो! पातळ, सपाट झाकण या भाराने मध्ये दबते, कडा उचलल्या जातात आणि फटीतून पाणी शिरते. शिवाय दर वेळी दहा-बारा स्क्रू काढा आणि पुन्हा आवळा. एखादा स्क्रू कमी आवळला गेला, तर सगळे कष्ट पाण्यात.

तर मग सबंध पाणबुडीच आडवी कापून तिचे दोन भाग केले तर? हात जायला भरपूर जागा होईल. पण आता सांध्याची लांबी मोजा. १ मीटर लांबीच्या पाणबुडीला दोन्ही बाजूंचा सांधा मिळून २ मीटरहून जास्त होईल. सांधा जितका लांब, तितकी गळण्याची भीती अधिक.

अनुभवी कारागिरांनी यातून एक चांगली वाट काढली आहे. त्यांनी दोन कामे दोन वेगळ्या भागांना वाटून दिली. बाहेरच्या कवचाचे काम फक्त आकार देण्याचे. पाणी अडवण्याचे काम आत ठेवलेल्या एका नळीचे. बाहेरच्या कवचात पाणी शिरू द्यायचे! त्यासाठी कवचाच्या खालच्या बाजूला पाणी आत येण्याची भोके असतात आणि वरच्या बाजूला हवा बाहेर जाण्याची. खऱ्या पाणबुडीतही माणसे ज्या मजबूत भागात राहतात, त्याच्या बाहेर काही जागा अशा असतात, की तेथे समुद्राचे पाणी मोकळे खेळते.

आता कवच आडवे कापायला हरकत नाही, कारण तो सांधा गळला तरी बिघडत नाही. पुढच्या टोकाला एक आकडा आणि मागच्या टोकाला एक स्क्रू एवढे पुरते. स्क्रू काढला, की वरचा अर्धा भाग डब्याच्या झाकणासारखा निघतो आणि आतले सगळे दिसू लागते.

याचा आणखी एक फायदा आहे. १ मीटरची पाणबुडी पूर्ण कोरडी ठेवली, तर ती पाण्यात बुडवण्यासाठी तिचे वजन सुमारे ७ किलो करावे लागते. पण आतली नळी ८ सेंटीमीटर जाड आणि ४० सेंटीमीटर लांब असेल, तर ती फक्त २ लिटर पाणी बाजूला सारते. म्हणून नळीचे वजन सामानासकट २ किलोच्या आसपास असले, तरी चालते. शिशाचे ओझे वाचते आणि पाणबुडी तळ्यापर्यंत नेणेही सोपे होते.

नळी बहुधा पारदर्शक प्लास्टिकची असते. आत पाण्याचा एक थेंब आला, तरी तो बाहेरून दिसतो. नळीच्या दोन्ही तोंडांना गोल बुचे असतात. बुचाच्या कडेला खाच असते आणि त्या खाचेत रबराचे गोल कडे बसते. त्याला ‘ओ-रिंग’ म्हणतात. प्रेशर कुकरच्या झाकणाला रबर असते ना, तसेच हे काम करते. येथे पाण्याचा दाब बुचाला आत ढकलतो. म्हणजे जो दाब सपाट झाकणाचा शत्रू होता, तोच बूच जागेवर धरून ठेवतो. एका बुचाचा घेर सुमारे २५ सेंटीमीटर. दोन बुचांचा मिळून सांधा अर्धा मीटर. कोठे २ मीटर आणि कोठे अर्धा मीटर!

नळीत हात जात नाही, हे खरे. पण हात आत नेण्याऐवजी सामानच बाहेर आणता येते. बॅटरी, रिसीव्हर, टाकी आणि मोटारी एका लांब पट्टीवर बसवतात आणि ती पट्टी मागच्या बुचाला जोडतात. बूच ओढले, की टेबलाच्या खणासारखे सगळे सामान बाहेर सरकते. पंख्याचा दांडा आणि सुकाणूच्या तारा याच मागच्या बुचातून जातात. त्यामुळे पुढचे बूच साधे राहते. बॅटरी पुढच्या टोकाला ठेवली, तर रोज फक्त पुढचे बूच काढावे लागते. पट्टीवर प्रत्येक वस्तूची जागा खुणेने पक्की करतात. बॅटरी बोटभर जरी सरकली, तरी पाणबुडीचे नाक खाली जाते किंवा वर उचलले जाते.

काही गोष्टी मात्र विसरून चालत नाही. बूच आत ढकलताना नळीतली हवा दाबली जाते आणि ती बूच पुन्हा बाहेर लोटते. म्हणून बुचात हवा सोडण्यासाठी एक लहान स्क्रू ठेवतात. बूच बसल्यावर तो आवळतात. ओ-रिंगवर वाळूचा कण किंवा केस राहिला, तर तेथूनच पाणी शिरते. म्हणून ती पुसून तिला थोडे सिलिकॉन ग्रीस लावतात. मग सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात, तशी नळी बादलीत बुडवून बुडबुडे येतात का, ते पाहतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बॅटरी बंद नळीत कधीही चार्ज करू नये. काही बॅटऱ्यांमधून चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तो साठला आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. सहज उघडणारे बूच असले, की माणूस आळस करत नाही. बूच काढूनच चार्जिंग करतो.

ही केवळ छंदाची गोष्ट नाही. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अमेरिकेची पाणबुडी अटलांटिक महासागरात चाचणीसाठी खोल गेली आणि परत वर आलीच नाही. तिच्यातील १२९ माणसे मृत्युमुखी पडली. बहुधा इंजिनाच्या खोलीतला खाऱ्या पाण्याचा एक नळ फुटला आणि पाणी आत घुसले, असे चौकशीत आढळले. हे पाणी थांबवण्यासाठी लागणाऱ्या महत्त्वाच्या यंत्रांपर्यंत खलाशांना पोहोचता आले नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाने पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी नवे कडक नियम केले.

यंत्र चांगले चालावे, असे प्रत्येक कारागिराला वाटते. पण चालणारे यंत्र कधीतरी बिघडणारच. म्हणून पहिली रेघ कागदावर ओढतानाच त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या हे बिघडले, तर माझा हात तेथे पोहोचेल का?