चार किलोचा जीव

रस्त्यावर जन्मलेलं कुत्रं आणि रस्त्यावर सोडून दिलेलं कुत्रं, यांतला फरक लांबूनही ओळखू येतो. गल्लीतलं कुत्रं रहदारीच्या कडेकडेनं चालतं. कुठल्या हॉटेलामागे खरकटं पडतं, कुठल्या नळाखाली पाणी साचतं, हे त्याला पाठ असतं. सोडून दिलेलं कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं राहतं आणि थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जातं. त्यातून ते छोटं असेल, म्हणजे पामेरियन, पग, ल्हासा, डॅशहुंड असं काही, तर गल्लीतली कुत्री त्याला दुसरी सकाळ बघू देतीलच असं नाही.

मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाले. नाशिकला आम्ही पाचसहाजण मिळून अशी छोटी कुत्री उचलतो, बरी करतो आणि त्यांना नवं घर शोधून देतो. संस्था म्हणावी असं आमचं काही नाही. एक वही, दोन पिंजरे आणि उधारीवर तपासणारे एक पशुवैद्य, एवढीच मालमत्ता. या कामाबद्दल बोला म्हटलं की मी भूतदयेवर बोलेन असं लोकांना वाटतं. मी मात्र आजारपणावर बोलणार आहे. कारण छोटं कुत्रं घराबाहेर पडतं ते बहुतेक वेळा पहिल्या मोठ्या दुखण्यात, आणि त्याला दुसरं घर लाभतं की नाही, हेही त्या दुखण्याचं आपण काय केलं यावरच ठरतं.

ही कुत्री आपल्याकडे आली कशी, तेही थोडं बघू. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या टफीनं घराघरातल्या मुलांना वेड लावलं. तसं पांढरंशुभ्र कुत्रं हवं म्हणून हट्ट सुरू झाले. आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. आपल्या हवेला बऱ्यापैकी सरावलेलं, काटक. मग २००३ मध्ये मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसला आणि पगाची लाट आली. फ्लॅटमध्ये मावतं, खायला थोडं लागतं, असा हिशेब लोकांनी केला. पण पगाचं नाक चेहऱ्यात दबलेलं असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकतं. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्यानं मे महिन्याच्या दुपारी काय करावं? बाहेर आलेले डोळे तर कशालाही घासतात आणि बुबुळावर जखम होते. जाहिरातीत यातलं काही नव्हतं. असो.

आता ‘चार किलो’ या आकड्याकडे येते. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे चार किलोच्या कुत्र्यात सगळं मिळून एक मोठा पेलाभर. त्याच्या अंगावर शेदीडशे गोचिड्या चिकटल्या तर त्या काय करतात, याचा अंदाज यावरून यावा. मोठं कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर मलूल होतं. छोट्या पिल्लाची साखर काही तासांत इतकी उतरते की ते झोकांड्या खातं, त्याला झटके येतात. अशा वेळी तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळावं आणि दवाखाना गाठावा. अंग लहान असल्यानं ते थंडही लवकर पडतं. नाशिकच्या डिसेंबरात ओलं छोटं कुत्रं मिळालं तर आधी कोरडं करून उबेला ठेवायचं, मग खायचं बघायचं. आणि काही झालं तरी आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. पाव गोळीनं काय होतंय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. काही गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला झेपत नाहीत आणि चार किलोच्या जिवाला पाव गोळीही थोडी नसते.

उचलताना माणसानं स्वतःलाही जपावं. दुखणाईत कुत्रं ओळख नसलेल्या हाताला चावतंच, त्यात त्याचा दोष नाही. जाड टॉवेल टाकून उचलावं. दात लागलाच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जावं. ‘पाळीव दिसतंय, लस दिलेली असेल’ हा तर्क करू नये.

आणखी एक. सापडलेलं प्रत्येक कुत्रं टाकलेलं नसतं. दिवाळीत फटाक्यांना बुजून पळालेली कितीतरी असतात. म्हणून आधी मालक शोधायचा. आजूबाजूच्या जनावरांच्या दवाखान्यांत फोटो द्यायचा, चौकातल्या दुकानांत विचारायचं, कातडीखाली मायक्रोचिप आहे का ते यंत्र फिरवून बघायचं. मालक सापडतो तेव्हा होणारा आनंद मी अनेकदा पाहिला आहे. एकदा मात्र, मालक सापडला आणि त्यानं फोनवर शांतपणे सांगितलं, “नको आता. ती पाणी फार पिते, घरभर करते.”

ती आठेक वर्षांची स्पिट्झ होती. ‘पाणी फार पिते’ हे ऐकून आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, माजावर कधी आली होती? नसबंदी न झालेल्या कुत्रीला माज उलटून गेल्यावर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. मग ती खात नाही, पाणी मात्र ढसाढसा पिते, वारंवार लघवी करते, ओकते. पू बाहेर वाहिला तर निदान कळतं तरी. तोंड बंद असेल तर तो आतच साठतो, आणि ते जास्त धोक्याचं. घरच्यांना वाटतं म्हातारी झाली. खरं तर वेळेवर शस्त्रक्रिया करून गर्भाशय आणि अंडाशय काढले, तर बहुतेक कुत्र्या बऱ्या होतात. हिला त्याच संध्याकाळी टेबलावर घेतलं. नवव्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली पोळी पळवली. त्यानंतर तिला घर मिळायला तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत. ‘घरभर करते’ ही तक्रार शस्त्रक्रियेबरोबरच संपली होती.

असं साधं गणित नेहमी नसतं. छोट्या जातींची ठरलेली दुखणी आहेत. गुडघ्याची वाटी सरकते, मग कुत्रं चालता चालता मध्येच एक पाय उचलून उड्या मारतं आणि लोकांना ती लाडीगोडी वाटते. श्वासनळी चपटी होते, मग बदकासारखा खोकला येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून ओढू नये, छातीवरचा पट्टा वापरावा. दातांवर कीटण चढून हिरड्या सडतात. ‘तोंडाला वास येतो’ म्हणून बाल्कनीत राहायला गेलेली कुत्री आमच्याकडे आली आहेत. गोचीडताप तर आपल्याकडे बारमाही. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात औषध साधारण चार आठवडे द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं आणि गोळ्या बंद होतात. मग पुन्हा ताप, नाकातून रक्त, आणि तोवर घर कंटाळलेलं असतं.

शहरात निदान दवाखाने आहेत. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, त्याच्या आवारातलं जनावरांचं रुग्णालयही तितकंच जुनं. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्याची सगळी तयारी गाई-म्हशींसाठी असते, आणि ते योग्यच आहे. पण तिथे चार किलोच्या कुत्र्याला भूल देणं ही डॉक्टरांचीही परीक्षाच.

कायद्याबद्दल लोक विचारतात. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. मी त्यावर काही बोलत नाही. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले. त्यांनुसार पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायला हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरीही दरवर्षी आमच्याकडे दोनतीन कुत्र्या अशा येतात, की ज्यांची सडं लोंबलेली, दात झिजलेले आणि मांडीवर बसायचं असतं हे ज्यांना ठाऊकच नसतं. वेतामागून वेतं घेऊन उपयोग संपला की त्यांना सोडलेलं असतं. म्हणूनच नसबंदी केल्याशिवाय आम्ही एकही कुत्रं देत नाही. फोनवर पहिलाच प्रश्न ‘मादी आहे का?’ असा आला की मी आधी नसबंदीचं सांगते. निम्मे फोन तिथेच थांबतात.

नवं घर शोधताना आमची एक पद्धत आहे. वहीचं पान. कुत्र्याला काय झालं होतं, काय दिलं, काय पुन्हा होऊ शकतं, महिन्याचा औषधाचा खर्च किती, हे सगळं मराठीत लिहून घरच्यांपुढे ठेवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. आमच्यातल्या काहींना हे पटत नसे. एवढं सांगितलं तर घेणार कोण, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की लपवलेलं दुखणं तीन महिन्यांनी बाहेर येतं आणि कुत्रं दुसऱ्यांदा रस्त्यावर जातं. पाठीच्या कण्याचं दुखणं होऊन मागचे पाय गेलेला एक डॅशहुंड होता. त्याचं मूत्राशय दिवसातून तीनचार वेळा हातानं दाबून रिकामं करावं लागे. एका घरानं पान ऐकलं, दोन दिवस आमच्याकडे येऊन स्वतः करून पाहिलं आणि ‘आम्हाला नाही जमणार’ म्हणाले. त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. तो डॅशहुंड शेवटपर्यंत आमच्यातल्याच एकीकडे राहिला. आणि काहींना डॉक्टरांच्या सल्ल्यानं शांतपणे जाऊ द्यावं लागलं, हेही सांगायला हवं. वहीत त्यांचीही पानं आहेत.

आम्ही कुत्र्याचे पैसे घेत नाही. पण घरी नेण्याआधीची शेवटची तपासणी नव्या माणसांनी स्वतः करून घ्यायची आणि त्याचं बिल भरायचं. रक्कम किरकोळ असते. तरी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसताना माणसं कशी वागतात, ते दिसतं.

गेल्या वर्षी मुंबई-आग्रा रस्त्यावर एका ढाब्याच्या मागे दहाएक वर्षांचा स्पिट्झ सापडला. लोकरीचे गोळे झालेले, रात्रभर खोकणारा. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. छोट्या कुत्र्यांना म्हातारपणी हे पुष्कळदा होतं. बरं होणारं दुखणं नाही, पण औषधानं महिनेच्या महिने, कधी वर्षंही चांगली जातात. एक गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी तासभर. दुसरी गोळी लघवी वाढवणारी, त्यामुळे त्याला सारखं बाहेर न्यावं लागणार. शिवाय रोज रात्री, तो गाढ झोपला की मिनिटाला श्वास किती ते मोजायचे. तीसच्या आत असतील तर ठीक. सलग वाढत गेले तर डॉक्टरांना फोन.

हे पान ऐकून पाच घरं परत गेली. सहावं सिन्नरचं होतं. गुरुजी निवृत्त, तळमजल्याचं घर, मागे अंगण. बाईंना स्वतःलाच हृदयविकार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लघवीच्या गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्या गुरुजींकडे वळून म्हणाल्या, “अहो, ही तर माझीच की.” डोस अर्थात वेगळा, आणि दोघांच्या डब्या वेगळ्या ठेवायच्या, हे मी तीनतीनदा बजावलं. गुरुजींनी एका डबीवर लाल दोरा बांधला. त्याचं नाव त्यांनी बंडोपंत ठेवलं आहे.

श्वास मोजायचं काम गुरुजींकडे आहे. रात्री साडेनवाच्या सुमारास ते मनगटावरचं घड्याळ काढून बंडोपंतांच्या शेजारी जमिनीवर बसतात आणि मग मला आकडा कळवतात. परवा छब्बीस होते. काल चोवीस.