आधी प्रगतिपुस्तक, मग चेंडू

शाळांना सुट्टी लागली की मुलांचा दिवस मोठा होतो, आणि त्याबरोबर आईबापांची काळजीही. बडोद्यात या काळजीवर पूर्वीपासून दोन उपाय होते: मामाचे गाव आणि आखाडा. मामाचे गाव प्रत्येकाच्या नशिबी नसे; पण आखाड्याचे दार सहसा बंद नसे. जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी शरीराबरोबर वागणुकीलाही वळण लावले, हे जुन्या बडोदेकरांना सांगावयास नको.

पण जेथे मामाचे गाव हाताशी नाही आणि आखाडाही नाही, अशा वस्तीतल्या मुलांनी उन्हाळा काढावा तरी कोठे? १९५०च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या भागात हा प्रश्न एका तरुणाने मनावर घेतला. होल्कम रकर हे त्यांचे नाव. त्यांनी आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी बास्केटबॉलचे उन्हाळी सामने सुरू केले. त्या सामन्यांची कीर्ती पुढे फार पसरली; परंतु येथे सांगावयाची आहे ती कीर्तीची नव्हे, एका वस्तीने आपली मुले कशी सांभाळली त्याची हकीकत.

हार्लेमची वाट बडोद्याहून एकदा गेलेली आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. ते विद्यापीठ हार्लेमच्या वेशीवरच आहे. रकर यांचे मैदान तेथून चालत सुमारे अर्ध्या तासावर. आंबेडकर तेथे अभ्यास करीत होते त्याच वर्षांत दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात आणि अपमानाला कंटाळून हार्लेममध्ये येऊन राहत होती. ज्याला दार बंद आहे अशा एका मुलाला शिष्यवृत्ती मिळाली तर काय घडते, हे बडोद्याइतके कोणाला ठाऊक असणार? फरक एवढाच की आपल्याकडे देणारा राजा होता. हार्लेमच्या मुलांच्या वाट्याला आला तो मैदानावर देखरेख करणारा एक पगारी नोकर.

रकर यांचा जन्म १९२६चा. ते हार्लेममध्येच वाढले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते; परतल्यावर शहराच्या उद्यान खात्यात मुलांच्या मैदानाचे व्यवस्थापक म्हणून लागले. सातव्या ॲव्हेन्यूवर १२८ आणि १२९ क्रमांकांच्या रस्त्यांमध्ये त्यांचे सामने भरत. अशा नोकरीत मैदान उघडावे, चेंडू द्यावेत, भांडणे सोडवावीत आणि संध्याकाळी घरी जावे, एवढे केले तरी कोणी बोल लावला नसता. रकर तेवढ्यावर थांबले नाहीत.

त्यांनी निवडलेला खेळही वस्तीला साजेसा होता. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून बास्केटबॉल शोधून काढला. दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या अडकवल्या आणि खेळ उभा राहिला. त्याला हिरवळ लागत नाही, किमती साहित्य लागत नाही. उंच इमारतींच्या मध्ये सापडलेला डांबरी तुकडा पुरतो. चेंडू एक असला तरी दहा जण खेळतात, आणि कडेला उभे राहून शंभर जण शिकतात. ज्या वस्तीत माणसे पुष्कळ आणि जागा थोडी, तेथे याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही.

मुलांना मैदानाकडे ओढून आणणे सोपे होते. रकर यांची खरी कल्पकता पुढे दिसते. सामन्यात खेळावयाचे असेल तर प्रगतिपुस्तक आणून दाखवावे लागे. ज्याचे गुण कमी, त्याला ते हाकलून देत नसत; अभ्यासाला बसवीत. व्याकरण कच्चे असलेल्या मुलाला जवळ घेऊन व्याकरण सांगत. एकाने एकाला शिकवावे, हे त्यांचे ब्रीद होते. वरच्या वर्गातल्याने खालच्या वर्गातल्याकडे पाहावे, चेंडू नीट टाकता येणाऱ्याने न येणाऱ्याचा हात धरावा. दुसऱ्याला अभ्यासाचा उपदेश करताना त्यांनी स्वतःलाही सवलत दिली नाही. नोकरी आणि मैदान सांभाळून त्यांनी सिटी कॉलेजची पदवी मिळवली आणि पुढे ते शाळेत शिक्षक झाले.

असे काम एका माणसाच्या उत्साहावर काही दिवस चालते. वर्षानुवर्षे चालावयाचे तर वस्तीने खांदा द्यावा लागतो. वृत्तपत्रात नाव येते ते चेंडू टाकणाऱ्याचे. परंतु सामना होण्याआधी कोणीतरी मैदान झाडलेले असते, कोणीतरी सदऱ्यांवर आकडे शिवलेले असतात. भर उन्हात शिट्टी घेऊन धावणारा पंच आणि वहीत गुण मांडणारा मुलगा, दोघेही कोणाच्या तरी घरचे असतात. हार्लेममध्ये पुढे मोठ्यांचे संघही उतरू लागले, तेव्हा दुकानदार आणि उपाहारगृहांचे मालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. स्मॉल्स पॅराडाइज या हार्लेमच्या नामांकित नृत्यगृहाच्या नावाचा संघ होता. सात फुटांहून उंच असलेला विल्ट चेंबरलेन हा जगप्रसिद्ध खेळाडू १९६०च्या दशकात त्या नृत्यगृहाचा भागीदार होता, आणि उन्हाळ्यात तो स्वतः त्या संघातून डांबरावर खेळला. पाहणाऱ्यांना तिकीट नव्हते. जागा मिळाली नाही तर लोक झाडावर, कुंपणावर आणि शेजारच्या छपरांवर चढत.

या गर्दीमागे आणखी एक कारण होते. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक संघटनेत, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळाला तो १९५० साली. त्याआधी हार्लेमचा रेनेसान्स हा संघ १९३९ साली शिकागो येथील व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा जिंकून आला होता. तरीही संघटनेची दारे उघडली नव्हती. ती किलकिली झाल्यावर मोठमोठे खेळाडू उन्हाळ्यात रकर यांच्या मैदानावर येऊ लागले, आणि गल्लीतल्या पोराला आपला आदर्श हाताच्या अंतरावर दिसू लागला. रकर यांनी या आकर्षणाचा उपयोग करून घेतला तो महाविद्यालयांसाठी. त्यांच्या खटपटीने सातशेहून अधिक मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, असे सांगितले जाते. या सामन्यांत खेळलेले टॉम सँडर्स न्यूयॉर्क विद्यापीठात शिकले, बॉस्टनच्या संघातून आठ वेळा विजेते ठरले, आणि १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

सगळ्याच कथा अशा गोड नाहीत. अर्ल मॅनिगॉल्ट हा हार्लेमचा मुलगा उंचीने फार नव्हता, पण त्याची उडी पाहणाऱ्याला खरी वाटत नसे. करीम अब्दुल-जब्बार या महान खेळाडूने निवृत्त होताना, आपण पाहिलेला सर्वांत थोर खेळाडू म्हणून याच मॅनिगॉल्टचे नाव घेतले. शाळेतून काढून टाकल्यावर त्याची उत्तर कॅरोलिनातील एका शाळेत सोय लावून देण्यात रकर यांचा हात होता. तेथे शिक्षण पुरे करून तो महाविद्यालयात गेला; पण वर्षाच्या आत परतला. त्यानंतर हेरॉइनने त्याला गाठले आणि तुरुंगवास घडला. हार्लेममधील अनेक घरांनी त्या वर्षांत हेच पाहिले.

मात्र तुरुंगातून सुटल्यावर मॅनिगॉल्टने काय केले, हे ऐकण्यासारखे आहे. हार्लेमच्या दक्षिणेस ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवरील एका मैदानावर त्याने मुलांसाठी स्वतःचे उन्हाळी सामने सुरू केले, आणि त्यांना मादक द्रव्यांपासून दूर चला अशा अर्थाचे नाव दिले. पुढे तो पुन्हा घसरला, पुन्हा तुरुंगात गेला, आणि पुन्हा मुलांकडेच परतला. १९९८ साली तो वारला. जे आपल्याला साधले नाही ते मुलांना सांगण्याची लाज त्याला वाटली नाही.

रकर हे सारे पाहावयास राहिले नाहीत. १९६५ साली कर्करोगाने ते गेले. वय अवघे ३८ किंवा ३९. पण सामने थांबले नाहीत. त्यांच्या मैदानावर वाढलेले बॉब मॅक्कलो आणि फ्रेडी क्रॉफर्ड यांनी सूत्रे हाती घेतली. सामने १५५ क्रमांकाच्या रस्त्यावरील मैदानावर गेले आणि १९७४ साली त्या मैदानाला रकर यांचे नाव देण्यात आले. १९८०च्या दशकात ग्रेग मारियस यांनी तेथे नवी स्पर्धा उभी केली. ध्वनिक्षेपक आला, रॅपचे संगीत आले, दूरदूरचे पाहुणे आले. २०२१ साली व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने मैदानाचे नूतनीकरण केले.

मैदान नवे करणे हे चांगलेच काम. पण डांबर, टोपली आणि पाट्या पैशाने बदलता येतात. रकर यांनी घालून दिलेली गोष्ट तशी विकत मिळत नाही. ती कोणीतरी दरवर्षी नव्याने करावी लागते. स्पर्धा जितकी मोठी होत जाते, तितका प्रगतिपुस्तक मागणारा माणूस गर्दीत दिसेनासा होण्याचा धोका वाढतो. हार्लेमलाही तो आहे आणि आपल्यालाही.

येत्या सुट्टीत आपल्याही वाड्यांतून, पोळांतून मुलांचे सामने भरतील. चषक द्यावयास कोणी ना कोणी पुढे येईल, भाषणालाही येईल. त्या गर्दीत एखादा शिक्षक, एखादी आजी किंवा कॉलेजात शिकणारा एखादा दादा खेळ संपल्यावर पायरीवर बसून विचारील, “काय रे, गणितात किती मिळाले? उद्या वही घेऊन ये.” अशा माणसाला बसावयास एक खुर्ची आणि थोडी सावली मिळेल, एवढे तरी वस्तीने पाहावे.