विश्लेषण : गोळ्या ८४ दिवसांच्या, खरा निकाल त्यानंतर! हिपॅटायटिस सीच्या उपचारात घरच्यांनी काय समजून घ्यावे?

समजा, पाथरीतील एका घरातल्या आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. त्याआधीच्या रक्ततपासणीत एक ओळ येते : ‘अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह’. ऑपरेशन पुढे ढकलले जाते. संध्याकाळपर्यंत आजींचे ताट-वाटी वेगळे होते, शेजारचे कोणी काविळीच्या गावठी औषधाचा पत्ता देते आणि नातू मोबाइलवर ‘लिव्हर खराब’ असे शोधत बसतो. हिपॅटायटिस सी अनेक घरांत असाच अचानक कळतो. प्रत्यक्षात हा आजार औषधाने पूर्ण बरा होतो. त्यासाठी घरच्यांनी तीन अहवालांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे आजार आहेच का?

नाही. पहिला अहवाल अँटीबॉडीचा असतो. या विषाणूचा कधी तरी शरीराशी संबंध आला होता, एवढेच तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत औषधाविना निघून जातो. त्यांच्या रक्तात अँटीबॉडी मात्र राहतात.

म्हणून दुसरा अहवाल निर्णायक ठरतो : एचसीव्ही आरएनए, म्हणजेच ‘व्हायरल लोड’. त्यात विषाणू आढळला तर उपचार लागतो. आढळला नाही तर सहसा औषधाची गरज नसते. पहिल्याच अहवालावर घाबरून जाणे किंवा थेट गोळ्या सुरू करणे, दोन्ही चुकीचे.

इतकी वर्षे कळले कसे नाही?

हिपॅटायटिस सीमध्ये डोळे पिवळे होतीलच असे नाही. बहुतेकांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. विषाणू यकृतात राहतो आणि नुकसान हळूहळू होते. जुनाट लागण असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांच्या काळात सिरॉसिस होण्याचा धोका असतो. सिरॉसिस म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होणे.

रक्तातून येणारा विषाणू किती काळ गप्प राहू शकतो, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण अमिताभ बच्चन यांचे आहे. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणातील अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून लागण झाल्याचे आपल्याला सन २०००च्या सुमारास, नेहमीच्या तपासणीत कळले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. त्यांना झाला तो हिपॅटायटिस बी. बीसाठी लस आहे. पण औषधांनी तो सहसा ताब्यात ठेवावा लागतो. सीसाठी लस नाही. पण तो पूर्ण बरा होतो. गावात दोघांनाही ‘कावीळ’च म्हणतात, म्हणून अहवालावरचे अक्षर नीट वाचावे.

सी पसरतो तो रक्तातून : एकच सुई पुन्हा वापरल्याने, तपासणी न केलेल्या रक्तातून, न उकळलेल्या अवजारांतून, जत्रेतील गोंदणाच्या सुईतून किंवा दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून. ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच’ हा आग्रहही त्यामुळे सोडायला हवा. इंजेक्शन लागलेच तर नवी सुई समोर फोडायला सांगावी.

उपचार नेमका काय असतो?

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याच्या शोधासाठी हार्वी आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने अनेक महिने घ्यावी लागत. त्रास जास्त आणि खात्री कमी, अशी स्थिती होती. आता तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या आहेत आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर यकृताची स्थिती पाहतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, तर सिरॉसिस असेल तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, असा सरकारी कार्यक्रमाचा साधारण क्रम आहे. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. यकृत फारच बिघडले असेल तर रिबाविरिन जोडतात किंवा उपचार २४ आठवडे चालतो. शेजाऱ्याची गोळी वेगळी का, याचे उत्तर यातच आहे.

हिपॅटायटिस बीची तपासणीही आधीच व्हावी. दोन्ही विषाणू असतील तर सीच्या औषधाने बी उसळू शकतो.

खर्च किती आणि जायचे कुठे?

अमेरिकेत सोफोसबुविर आले तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. १२ आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले आणि किंमत कोसळली. पुढे २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

पाथरीकरांनी आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट परभणीच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाचे नाव घेऊन चौकशी करावी. गुंतागुंतीच्या रुग्णांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जाते. शेत विकण्याचा किंवा सावकार गाठण्याचा विचार त्याआधी करू नये.

घरच्यांनी काय पाहायचे?

- गोळी रोज ठरलेल्या वेळी. चुकली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. एकादशी असो की रमजानचा रोजा, वेळ डॉक्टरांना विचारून बसवता येते.
- औषध साधारण २८ दिवसांचे मिळते. संपण्याआधीच परभणीची फेरी ठरवावी. ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जायचे असेल तर पुढचे औषध कुठून मिळेल हे केंद्रात विचारूनच निघावे.
- चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन, फिट्सची काही औषधे, हृदयाचे अमिओडेरोन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या यांचा या उपचाराशी खटका उडू शकतो.
- दारू पूर्ण बंद. काढा, मुळी, नाकात टाकायचे थेंब असे काविळीचे गावठी औषध नको. त्याने यकृताला आणखी इजा होऊ शकते.
- ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. एकत्र जेवणे, मिठी मारणे, नातवंडाला मांडीवर घेणे यातून सी पसरत नाही. वस्तरा, ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवावेत.
- रिबाविरिन सुरू असेल तर पती-पत्नीने गर्भधारणा टाळण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे.
- रक्ताची उलटी, काळी शौच, पोट फुगणे, असंबद्ध बोलणे किंवा सतत गुंगी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोळ्या संपल्या, मग पुन्हा तपासणी कशाला?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गोळ्या संपतात, रुग्णाला बरे वाटते आणि रोज बुडवून परभणीला कोण जाणार, म्हणून तपासणी राहून जाते. पण बरे झाल्याचा पुरावा तिसरा अहवाल देतो : शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी केलेली आरएनए तपासणी. त्यात विषाणू आढळला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे धरतात. आढळला, तर दुसरी औषधे आहेत; पण वेळीच कळायला हवे.

यानंतरही अँटीबॉडीची तपासणी ‘रिॲक्टिव्ह’च येईल, बहुधा आयुष्यभर. उद्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी तीच ओळ पुन्हा समोर येईल आणि घर पुन्हा घाबरेल. म्हणून आरएनएचा शेवटचा अहवाल फाइलमध्ये जपावा, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही ठेवावा. ज्यांना सिरॉसिस होता, त्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. आणि एकदा बरे झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, त्यामुळे सुईची काळजी कायमचीच.

आजींच्या बाबतीत हिशेब सोपा आहे : ८४ दिवस गोळ्या, ८४ दिवस वाट पाहणे, म्हणजे साडेपाच महिने. तेवढा काळ कोणी तरी तारखा लक्षात ठेवायच्या. ताट मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबरच वाढायचे.