सल्लागार कुणाच्या बाजूचा?

रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी पानं घेत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात दोन तरुण. "काका आहेत का? हप्त्याचं बोलायचंय." आवाज मुद्दामच चढा, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जावा असा. सासूबाईंचा हात जपमाळेवर तसाच थांबला.

ही २०२२च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही चिंचवडला राहतो. यजमान चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत सुपरवायझर. मोठ्या कंपनीने ऑर्डर कमी केली की व्हेंडरकडचा ओव्हरटाइम आधी बंद होतो, हे आमच्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला आणि ओव्हरटाइम गेला. २०२० मध्ये लॉकडाऊन आलं. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, तेव्हा वाटलं, सुटलो! पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे उशिरा कळलं. मग पर्सनल लोन, ते फेडायला क्रेडिट कार्ड आणि कार्डाचं फेडायला माझ्या पाटल्या.

भिशीतल्या एका मैत्रिणीने सुचवलं, "अगं, कर्जाबद्दल फुकट सल्ला देणारी केंद्रं असतात, जाऊन तर बघ." मी मोठ्या आशेने गेले. वाटलं, आपल्या बाजूने भांडणारं कुणीतरी भेटेल.

तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. माणूस भला. त्यांनी आमची सगळी कर्जं एका कागदावर मांडली, समोर व्याजाचे दर लिहिले. कार्डाचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी संपवा म्हणाले. पर्सनल लोनची मुदत वाढवून मागा म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला आमच्या कर्जाचा खरा आकडा दिसला. मग मी विचारलं, "पण ती मुलं रात्री घरी येतात, त्यांचं काय?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ते तुम्ही बँकेशीच बोला, मॅडम."

बाहेर पडताना पाटी नीट वाचली. केंद्र चालवत होती एक बँकच.

घरी आल्यावर मी या केंद्रांची माहिती काढली. आपल्याकडे बँक ऑफ इंडियाचं 'अभय', आयसीआयसीआय बँकेचं 'दिशा' अशी समुपदेशन केंद्रं २००५नंतरच्या काही वर्षांत निघाली. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी आदर्श योजना आखली. सल्ला मोफत हवा, केंद्राने बँकेपासून अंतर राखावं, तिथे बँकेच्या योजना विकू नयेत, असं त्यात होतं. हेतू चांगलाच. पण २०१२ मध्ये या केंद्रांची 'आर्थिक साक्षरता केंद्रं' झाली आणि भर खाती उघडणं, बचतीचे धडे देणं यावर गेला. विलायतेतही वेगळं नाही. तिथल्या स्टेपचेंज या मोठ्या संस्थेचा बराचसा खर्च कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या पैशांतून चालतो. त्यामुळे 'तुम्ही कुणाचे?' हा प्रश्न तिथेही विचारला जातो.

मग ही केंद्रं निरुपयोगी का? मुळीच नाही. हिशेब समजून घ्यायला, बँकेपुढे काय मागायचं ते ठरवायला जरूर जावं. पण तो सल्लागार मध्यस्थ आहे, आपला वकील नव्हे, एवढं मनात पक्कं ठेवावं.

वकील मला दुसरीकडे मिळाला. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७च्या कायद्याने दिलेला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा. तिथल्या वकीलबाईंनी मला आधी विचारलं, "ते कधी आले, किती वाजता आले, लिहून ठेवलंय?" मी ठेवलं नव्हतं. त्या दिवसापासून कॅलेंडरवर लिहायला लागले.

त्यांनीच सांगितलं की ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलंय, वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांपुढे अपमान करायचा नाही. बचत गटातल्या मैत्रिणींनो, मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच आहे. शिवाय घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा २०२२ चाच नियम आहे.

मी तारीखवार अर्ज लिहिला, बँकेत दिला, पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. चौकशीचा नंबर १४४४८. मला तिथवर जावं लागलं नाही. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं. मुलांचं येणं थांबलं, मुदत दोन वर्षांनी वाढली. कर्ज मात्र माफ झालं नाही, आणि मुदत वाढली म्हणजे व्याजही वाढलं.

एक मात्र सांगते. 'हप्ते भरू नका, निम्म्यात मिटवून देतो, आधी आमची फी भरा' म्हणणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब राहा. तडजोडीने मिटवलेलं कर्ज सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तेच आडवं येतं. लोकअदालतीतही सही करण्याआधी कागद वाचा, तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

आमचे हप्ते अजून चालू आहेत. पाटल्या काही परत आल्या नाहीत. पण परवा शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे तो अर्जाचा नमुना आहे ना?" त्यांच्या दाराशीही कुणीतरी येत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो. मी त्यांना नमुना दिला, सोबत माझं जुनं कॅलेंडरही.