बल्ब पेटला, म्हणजे शॉर्ट आहे

आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ नावाचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, दहावीनंतरचा. त्याच्या वर्कशॉपमध्ये ऑसिलोस्कोप असतो, मल्टीमीटर असतात. पण दुरुस्तीच्या कामातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी वस्तू अगदी साधी आहे. लाकडी पाटीवर एक होल्डर, त्यात 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आणि शेजारी सॉकेट. हा सिरीज लॅम्प.

बंद पडलेला टीव्ही उघडला की तो थेट मेन्सला लावायचा नाही, सिरीज लॅम्पच्या सॉकेटला लावायचा. वीज आधी बल्बमधून जाते, मग टीव्हीत. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. एकदा चमकून मंदावला तर शॉर्ट नाही. दोष दुसरीकडे शोधायचा.

काचेच्या गोळ्याला हे कळतं कसं? सगळी करामत टंगस्टनच्या तारेची! 230 व्होल्टवर पूर्ण पेटलेल्या या बल्बचा रोध 529 ओहम असतो. 230 चा वर्ग करून त्याला 100 ने भागा, उत्तर तेच येईल. आता विझलेला, गार बल्ब मल्टीमीटरने मोजा: फक्त 40 ओहमच्या आसपास! तार तापली की रोध दहा पटींहून अधिक वाढतो. टीव्ही धडधाकट असेल तर तो स्टँडबायवर अगदी थोडा प्रवाह घेतो, तार गारच राहते आणि जवळजवळ सगळा विद्युतदाब टीव्हीला मिळतो. शॉर्ट असेल तर तार क्षणात तापते आणि 230 व्होल्ट बल्ब स्वतःवर घेतो. प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही आत अडतो, नवा घातलेला ट्रान्झिस्टर वाचतो. कुणी कसलंही बटण फिरवलेलं नसतं.

आणि ती सुरुवातीची चमक? तेव्हा पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर भरत असतो. 230 व्होल्ट एसीचं शिखर 325 व्होल्टचं असतं, तिथपर्यंत तो भरतो. प्लग काढल्यावरही तेवढा दाब त्यात टिकून राहू शकतो, म्हणून बोर्डाला बोट लावण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज करायचा, ही सवय पहिल्या दिवसांपासून लागावी लागते. सिरीज लॅम्प सर्किटला वाचवतो, हाताला नाही. शॉक बसायचा तो बसतोच.

या कामाला एलईडी बल्ब चालत नाही. त्याच्या पोटात स्वतःचंच सर्किट असतं. तारेसारखं तापून रोध वाढवणं त्याला जमत नाही. आणि तारेचे बल्ब दुकानांतून कमी होत चालले आहेत. तुमच्या माळ्यावर 100 वॉटचा एखादा चालू बल्ब पडून असेल, तर तो फेकू नका. जवळच्या आयटीआयमध्ये नेऊन द्या.