जव्हार-मोखाड्यातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे : संकलनामागील दृष्टी

विक्रीस कधीही न आलेली ध्वनिमुद्रणे जमविणे हा केवळ हौशी रसिकांचा छंद होय, असा समज सामान्यतः आढळतो. परंतु ज्या समाजाचे वाङ्मय प्राधान्याने कंठगत आहे, त्याच्या अभ्यासात अशी मुद्रणे हेच मूलभूत साधन ठरते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके याचे बोलके उदाहरण होत.

ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली बोलीची नोंद आहे, के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. तथापि लग्नाचा चौक लिहिला जात असता धवलेरी जे गाते, किंवा भगत घांगळीच्या साथीवर जी कथा लावतो, तिच्यातील स्वराघात, विराम व पुनरुक्ती लेखनात उतरत नाहीत. तारप्याचे तर शब्दांकन संभवतच नाही. भोपळा व दोन नळ्यांच्या या वाद्यात वादक श्वास न तोडता चाळा वाजवितो, आणि चाळा बदलताच नाचणाऱ्यांची पावले बदलतात.

येथे प्रकाशित व अप्रकाशित यांतील भेद महत्त्वाचा आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. म्हणून गीत तेवढ्यात बसवावे लागे. बाजारासाठी केलेल्या मुद्रणात अशी काटछाट कोणत्या ना कोणत्या रूपाने होतेच. उलट, प्रसंगी केलेल्या मुद्रणात अडखळणे, श्रोत्यांचे प्रतिसाद व पाठभेद टिकून राहतात. मौखिक परंपरेत प्रत्येक गायन हा स्वतंत्र पाठ असल्याने 'मूळ' आणि 'अशुद्ध' अशी प्रतवारी करता येत नाही.

मात्र साधन विश्वसनीय ठरण्यास त्याची वंशावळ ठाऊक असावी लागते. या बाबतीत रॉक संगीताच्या संग्राहकांची शिस्त अनुकरणीय आहे. ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाने १९८४ मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी मैफलीत स्वतंत्र जागा राखली. हे संग्राहक प्रत्येक फितीवर तारीख, स्थळ, मुद्रणाचे साधन व प्रत कितव्या पिढीची, हे नोंदवीत आले आहेत. 'आदिवासी गीत' एवढीच चिठ्ठी लावलेली फीत बोलीच्या अभ्यासकास जवळजवळ निरुपयोगी असते. गायिका कोणत्या पाड्याची, प्रसंग कोणता, चाळ्याचे स्थानिक नाव काय, हे त्याच वेळी टिपले पाहिजे. जाणकार निवर्तल्यावर ते सांगणारा उरत नाही. चुंबकीय फितीही कालांतराने झिजतात, आणि भ्रमणध्वनीवरील मुद्रणे यंत्राबरोबरच नष्ट होतात.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा आहे. रॉक वाद्यवृंदाने श्रोत्यांस परवानगी दिली होती; विधिगीताच्या बाबतीत ती प्रत्येक वेळी मागावी लागते. जे विधीबाहेर गाऊ नये असे गाणारी मानते, ते प्रसृत करण्याचा हक्क मुद्रणकर्त्यास नाही. म्हणून संमतीची नोंद, तसेच एक प्रत पाड्यावर परत देणे, ही संशोधनपद्धतीचीच अंगे मानली पाहिजेत. त्यांवाचून केलेला संग्रह कितीही दुर्मिळ असला, तरी त्यास संशोधन म्हणता येणार नाही.